शेवटची ओळ वाचणारे

तालुक्याच्या गावात एसटी स्टँडसमोर, मेडिकलच्या वरच्या गाळ्यात, जिथे पूर्वी टायपिंग इन्स्टिट्यूट असायची तिथे हल्ली वेबसाइटचं ऑफिस असतं. बोर्डावर 'वेबसाइट, सॉफ्टवेअर, मोबाइल अ‍ॅप, लग्नपत्रिका, पॅन कार्ड' असा सगळा पसारा एकाच आकाराच्या अक्षरांत मांडलेला असतो. आत दोन कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर, ज्यांना सगळा गाव 'सर' म्हणतो असे एक गृहस्थ आणि नुकताच बीसीएस झालेला एक पोरगा. मी याच धंद्यातला असल्यामुळे असे गाळे बरेच पाहिले आहेत. गाव बदलतं, मेडिकलचं नाव बदलतं, पोरगा मात्र तोच असतो. हुशार असतो, कष्टाळू असतो, रात्री बारापर्यंत थांबायला त्याची ना नसते. फक्त एक गोष्ट तो कधीही करत नाही. समोरच्या स्क्रीनवर काय लिहून आलंय ते वाचत नाही.

गावातल्या पतसंस्थेला वेबसाइट हवी असते. सभासदांना घरबसल्या खातं दिसावं, कर्जाचा हप्ता कधी आहे ते कळावं आणि पहिल्याच पानावर चेअरमनसाहेबांचा फोटो असावा, एवढ्याच अपेक्षा. पहिल्या दोनांबाबत संचालक मंडळ तडजोडीला तयार असतं. सर खुर्चीतून मान न वळवता सांगतात, "लारावेल टाक रे."

लारावेल म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा. लॉगिन, फॉर्म, डेटाबेस, ईमेल ही रोज लागणारी कामं त्यात कोणीतरी आधीच करून ठेवलेली. आपण आपल्या संस्थेपुरतं वरचं काम करायचं. अमेरिकेतल्या टेलर ऑटवेल नावाच्या प्रोग्रामरने २०११ साली तो पहिल्यांदा बाहेर काढला. तो पीएचपी या भाषेत लिहिलेला आहे आणि पीएचपीची कुळकथा तर आणखीच मजेची. रासमुस लेरडॉर्फ या गृहस्थांनी १९९४च्या सुमारास इंटरनेटवर स्वतःचा बायोडाटा टाकला आणि तो कोण कोण उघडून बघतंय हे कळावं म्हणून काही छोटे प्रोग्राम लिहिले. आपल्याकडे कोण बघतंय, या अत्यंत मानवी कुतूहलातून निघालेल्या त्या भाषेवर आज विकिपीडिया चालतो, वर्डप्रेस चालतं आणि तालुक्याच्या दूध संघाचं दरपत्रकही चालतं.

हा सांगाडा मिळवायचा तर वेबसाइटवर जाऊन डाउनलोडचं बटण शोधण्यात अर्थ नाही. काळी खिडकी उघडावी लागते. विंडोजवाले तिला सीएमडी म्हणतात, लिनक्सवाले टर्मिनल म्हणतात. ऑफिसात पाहुणा बसलेला असेल तर पोरगा ती गरज नसतानाही उघडी ठेवतो, कारण काळ्यावर पांढरी अक्षरं पळताना दिसली की पाहुणा आवाज खाली आणून बोलायला लागतो आणि दर कमी करा म्हणत नाही. त्या खिडकीत कंपोझर नावाच्या कारभाऱ्याला हुकूम सोडायचा. कंपोझर, क्रिएट-प्रोजेक्ट, लारावेल, पुढे आपल्या फोल्डरचं नाव, एंटर. एवढंच. पुस्तकात एवढंच असतं.

गाळ्यात पहिलं उत्तर येतं ते असं की, कंपोझर नावाची कुठलीही अंतर्गत वा बाह्य आज्ञा आम्ही ओळखत नाही. वास्तविक कंपोझर त्याच मशीनमध्ये नुकताच टाकलेला असतो. घडलेलं एवढंच असतं की विंडोज एखादी आज्ञा शोधताना सगळी हार्ड डिस्क पालथी घालत नाही. 'पाथ' नावाच्या यादीत जी फोल्डरं नोंदलेली आहेत तेवढीच बघतं. कंपोझर टाकताना त्या यादीत नवी नोंद झाली, पण आपली काळी खिडकी त्याच्या आधीपासून उघडी आहे आणि तिच्याकडे जुनीच यादी आहे. खिडकी बंद करून दुसरी उघडली की काम झालं. पोरगा मात्र कंपोझर काढतो, पुन्हा टाकतो, मग ज्याच्याबरोबर पीएचपी मशीनमध्ये आलं ते झॅम्प काढतो, पुन्हा टाकतो आणि शेवटी कॉम्प्युटर रीस्टार्ट मारतो. रीस्टार्टनंतर उघडलेली खिडकी अर्थातच नवी असते, आज्ञा चालते आणि श्रेय रीस्टार्टला जातं. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्याची निम्मी इमारत या एका गैरसमजावर उभी आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

पण ही नुसती सलामी. खरा खेळ एक्सेलपासून सुरू होतो.

पतसंस्था म्हटली की ऑडिटर आला आणि ऑडिटर आला की त्याला सगळं एक्सेलमध्ये लागतं. लारावेलमधून एक्सेलची फाइल काढायला एक अतिशय लोकप्रिय पॅकेज, म्हणजे कोणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड, आहे. ते पीएचपी-स्प्रेडशीट नावाच्या दुसऱ्या पॅकेजच्या जिवावर चालतं आणि त्या दुसऱ्याच्या स्वतःच्या काही अटी आहेत. त्यातली एक अट अशी की पीएचपीमधली झिपची सोय चालू पाहिजे. ही अट वावगी नाही. आपण जिला एक्सेलची फाइल म्हणतो ती आतून झिपच असते. नावाचं शेपूट बदलून डॉट झिप केलं तर आतल्या एक्सएमएल फायली बाहेर काढून बघता येतात. झॅम्पमध्ये ही सोय असते, पण बहुतेक वेळा झोपवून ठेवलेली. पीएचपी डॉट आयएनआय नावाच्या फायलीत 'एक्स्टेन्शन बरोबर झिप' अशी ओळ असते आणि तिच्या आधी एक अर्धविराम. तो अर्धविराम तिथे आहे तोवर पीएचपीच्या लेखी ती ओळ अस्तित्वातच नाही. तो पुसायचा आणि फाइल सेव्ह करायची. बास.

आता कंपोझर काय करतो ते बघा. तो थांबतो आणि लाल-पिवळ्या अक्षरांत लिहितो: तुमच्या गरजा एकत्र बसत नाहीत. अडचण क्रमांक १: अमुक पॅकेजला झिप लागतं, ते तुमच्या मशीनवर नाही. ते चालू करायचं असेल तर या फायलीत बघा, असं म्हणून सी ड्राइव्हपासून त्या आयएनआय फायलीचा पूर्ण पत्ता देतो. इतकी नेमकी तक्रार मी आजवर कुठल्याही ग्राहकाकडून लेखी पाहिलेली नाही. ग्राहक 'साइट चालत नाही' म्हणतो. कुठली, कधीपासून, कुठे, हे त्याच्याकडून काढून घेण्यात सकाळ जाते. कंपोझर न विचारता सगळं सांगतो. आणि मग अगदी शेवटी, सौजन्याची परिसीमा म्हणून, एक पळवाटही सुचवतो: नाहीतर आज्ञेला 'इग्नोर प्लॅटफॉर्म' वगैरे शेपूट जोडा, म्हणजे मी तात्पुरतं दुर्लक्ष करीन.

पोरगा तेवढी एकच ओळ वाचतो. कॉपी, पेस्ट, एंटर.

'तात्पुरतं' हे तिथे स्वच्छ इंग्रजीत छापलेलं असतं. पण तात्पुरतं म्हणजे किती, हे तात्पुरत्या शेडमधल्या एसटी स्टँडवर ज्यांचं कॉलेज सुरू होऊन संपलं त्यांना विचारावं. हिरव्या ओळी धावतात, पॅकेज बसतं, सर म्हणतात, "झालं ना? मग बास." त्यानंतर मार्चअखेरीला, ऑडिटरसाहेब समोर चहा घेत बसलेले असताना, पतसंस्थेचा क्लार्क 'एक्सेल डाउनलोड'वर क्लिक करतो आणि पडद्यावर येतं की झिप-अर्काइव्ह नावाचा क्लास सापडत नाही. क्लार्क फोन लावतो, "सर, तुमचा क्लास सापडत नाही म्हणतंय." सर सकाळच्या वेळी टॅलीचे क्लास घेतात. त्यामुळे ते आधी त्याला शिवाजी चौकातून डावीकडे वळायला सांगतात.

एरर आल्यावर माणसं काय करतात, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. एररची अक्षरं माउसने निवडून कॉपी करता येतात. ते कोणी करत नाही. स्क्रीनशॉट काढता येतो. तोही कोणी काढत नाही. खिशातून मोबाइल काढून मॉनिटरचा फोटो काढतात. फोटो तिरका येतो, त्यावर आडवे इंद्रधनुषी पट्टे येतात, वरच्या कोपऱ्यात ट्यूबलाइट चमकते, खालच्या कोपऱ्यात अर्धी बिसलेरीची बाटली येते आणि ज्या ओळीत कारण लिहिलेलं आहे ती ओळ बरोब्बर कापली जाते. मग तो फोटो 'पीएचपी डेव्हलपर्स महाराष्ट्र' छापाच्या एखाद्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतो. खाली मजकूर: 'अर्जंट. कोणाला माहितेय का?' पाच मिनिटांत उत्तरं सुरू होतात. एक जण म्हणतो, कॅश क्लीअर कर. दुसरा म्हणतो, व्हर्जन चेक कर. कशाचं, ते सांगत नाही. तिसरा 'सेम प्रॉब्लेम' एवढंच लिहून कायमचा नाहीसा होतो. मध्येच कोणाचा तरी वाढदिवस निघतो आणि पुढचे चाळीस मेसेज केकचे येतात. फोटोतलं अक्षरही कोणी वाचलेलं नसतं. ते वाचता येण्यासारखं नसतंच.

हल्ली तोच तिरका फोटो एआयला दाखवतात. तो बिचारा वाचतो, ट्यूबलाइटच्या पलीकडलंही वाचतो आणि सांगतो की अमुक फायलीतला अर्धविराम काढा. सवयीने आणखी चार पर्यायही देतो. पोरगा शेवटचा पर्याय निवडतो.

कंपोझर नेमकं काय करतो ते कळलं तर त्याच्याविषयी थोडी माया वाटेल. निल्स आडरमान आणि जॉर्डी बोगियानो या दोघांनी २०१२ साली तो लोकांसमोर आणला. प्रत्येक पॅकेज आपल्या अटी घेऊन येतं. मला पीएचपी ८.२ किंवा वरचं पाहिजे. मला अमकं पॅकेज चालेल पण तिसऱ्या आवृत्तीच्या पुढचं नको. तमकं असेल तर मी येतच नाही. शंभर जणांच्या अशा अटी एकमेकांत बसवून सगळ्यांना एका फोल्डरमध्ये नांदवायचं. हे जुळवण्याचं गणित त्यांनी ओपनसुसे या लिनक्सच्या व्यवस्थेतून घेतलं. कोडं मोठं बिकट जातीचं आहे. दर वेळी हमखास आणि झटपट सुटेल अशी रीत अजून कुठल्या गणितज्ञाला सापडलेली नाही. कंपोझर मात्र एरवी काही सेकंदांत ते सोडवून मोकळा होतो आणि आपण म्हणतो, "आज स्लो आहे जरा."

पूर्वी तो खरोखरच स्लो होता. आज्ञा देऊन माणसं खाली टपरीवर जात, चहा होई, पान होई, वर येऊन बघावं तर खिडकीत त्याच ओळीवर कर्सर लुकलुकत असे. कधीकधी तर मेमरी संपली म्हणून तो मधेच प्राण सोडायचा आणि मृत्युपूर्व जबानीही रुपया-पैशासकट द्यायचा: दिलेले १,६१,०६,१२,७३६ बाइट संपले, आणखी ४,०९६ हवे होते. दीड जीबी खाऊन वर चार केबींसाठी जीव गेला! डिसेंबर २०१४ मध्ये बोगियानोंनी एक गंमत केली. पीएचपीमध्ये नको असलेली माहिती शोधून मेमरी मोकळी करणारी एक यंत्रणा असते. कंपोझरच्या कामात ती पुन्हा पुन्हा उठून सगळं घर तपासायची आणि टाकून द्यावं असं तिला काही सापडायचंच नाही, कारण सगळंच लागत होतं. बोगियानोंनी ती बंद केली. कोडमधला बदल ओळभराचा, पण जगभर एकाएकी कंपोझर भराभर पळायला लागला आणि त्या बदलाखाली प्रोग्रामर लोकांनी नाचणाऱ्या, फटाके फोडणाऱ्या चित्रांची रांग लावली. वेळ नक्की कुठे जातोय हे कोणीतरी बसून बघितलं, एवढीच त्यामागची करामत. पुढे २०२०च्या ऑक्टोबरमध्ये दुसरी आवृत्ती आली आणि मेमरीची ती मरणकळाही बरीचशी संपली. टपरीवाल्याचं नुकसान झालं असणार.

आणखी एक गुण. कंपोझरला 'व्हाय-नॉट' अशी एक आज्ञा देता येते. अमुक आवृत्ती का बसत नाही, असं विचारलं की अडवणूक करणाऱ्याचं नाव आणि त्याची अट, दोन्ही तो समोर ठेवतो. आपल्याकडे कुठल्याही कार्यालयात 'का नाही?' असं विचारून नावानिशी लेखी उत्तर मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. इथे ते फुकट मिळतं, तेही त्याच क्षणी. पण पोराला ही आज्ञा ठाऊक नसते. त्याला ठाऊक असतं ते एकच: "व्हेंडर उडव." व्हेंडर म्हणजे ज्या फोल्डरात ही सगळी पॅकेजं येऊन बसतात ते. काहीही झालं की ते फोल्डर सगळंच्या सगळं डिलीट मारायचं आणि पुन्हा पहिल्यापासून आणायचं. हजारो बारीक बारीक फायली. विंडोज त्या मोजत बसतं. पोरगा तेवढ्यात रील बघतो. कधीकधी यानेही जमतं, हीच खरी पंचाईत आहे.

या व्हेंडरमध्ये असतं काय? नवीन कोरं लारावेल मागवलं की शंभराच्या आसपास पॅकेजं येतात. तारखांचं गणित करणारं कार्बन, काय घडलं त्याची नोंद ठेवणारं मोनोलॉग, ईमेलचा पत्ता बरोबर लिहिलाय का हे तपासणारं एक, इंग्रजी नामाचं अनेकवचन करणारं एक. हे शेवटचं मोठं कर्तव्यदक्ष आहे. पोराने 'कर्जदार' नावाचं मॉडेल बनवलं की लारावेल डेटाबेसमध्ये त्याचं टेबल शोधायला जातं ते 'कर्जदार्स' या नावाने. कित्येक संस्थांच्या डेटाबेसमध्ये असे कर्जदार्स आणि सभासद्स सुखाने नांदत आहेत. आणि फेकर नावाचं एक पॅकेज, नावाप्रमाणेच फेकणारं. साइट रिकामी दिसू नये म्हणून ते खोटी नावं, खोटे पत्ते, खोटे फोन नंबर हवे तेवढे बनवून देतं. भारतीय नावंसुद्धा देतं. एका संस्थेच्या व्यवस्थापकांना असा डेमो दाखवला तेव्हा ते यादी बराच वेळ बघत राहिले. त्यांचा पहिला प्रश्न, "यांची केवायसी झालीय का?" आणि दुसरा, "यातले थकीत किती?"

ही शंभर पॅकेजं कोणी लिहिली, आत काय आहे, हे उघडून बघणारा माणूस मी गाळ्यांमध्ये पाहिलेला नाही. हेच सर मंडईत भेंडीचं टोक मोडून बघितल्याशिवाय पाव किलोसुद्धा पिशवीत टाकू देत नाहीत आणि आठवडी बाजारातल्या प्रत्येक भेंडीवालीचा त्यावरून रोष ओढवून घेतात. इथे मात्र जगाच्या कानाकोपऱ्यातल्या शंभर अनोळखी माणसांचा माल एका एंटरला घरात येतो आणि ते फक्त विचारतात, "किती एमबी झालं?"

वाचलं नाही तर काय होतं याचा एक दाखला जावास्क्रिप्टवाल्यांनी घालून दिलेला आहे. लारावेलला सुद्धा दर्शनी भागासाठी त्यांच्या एनपीएम नावाच्या कारभाऱ्याकडे जावं लागतं, म्हणून सांगतो. अझर कोचुलू नावाच्या प्रोग्रामरचं 'किक' नावाचं एक पॅकेज होतं. त्याच नावाच्या मेसेजिंग कंपनीने ते नाव मागितलं, तो नाही म्हणाला, एनपीएमने नाव कंपनीला देऊन टाकलं. माणूस मानी. २२ मार्च २०१६ रोजी त्याने आपली सगळीच पॅकेजं, अडीचशेच्या वर, काढून घेतली. त्यात लेफ्ट-पॅड नावाचं एक होतं. काम काय, तर अक्षरांच्या किंवा आकड्याच्या डाव्या बाजूला हवी तेवढी रिकामी जागा किंवा शून्यं भरायची. आपला खातेक्रमांक ४२ असतो आणि पासबुकावर ००००४२ छापून येतो, तसं. कोड ११ ओळींचा. तो गेला आणि जगभरातल्या मोठमोठ्या कंपन्यांची इन्स्टॉलेशनं धडाधड कोसळली, कारण प्रत्येकाच्या यादीत कुठेतरी तळाशी हे शून्यं भरणारं पॅकेज होतं आणि ते आहे हे बहुतेकांना त्याच दिवशी कळलं. दोनेक तासांत एनपीएमने ते परत जागेवर आणलं. यादी वाचायची सवय मात्र त्यानंतरही कोणाला लागलेली दिसत नाही.

लाइव्ह सर्व्हरवरच्या लीला मी थोडक्यात उरकतो, त्या आठवल्या की माझं डोकं दुखतं. कंपोझर एक लॉक फाइल लिहून ठेवतो. तिच्यात प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती असते. सर्व्हरवर 'इन्स्टॉल' म्हटलं की तीच आवृत्ती येते. 'अपडेट' म्हटलं की तो नव्याने सगळ्या अटी मांडून बसतो आणि नवं काहीबाही घेऊन येतो. लोक शनिवारी संध्याकाळी अपडेट म्हणतात. शिवाय तिथे ते 'रूट' म्हणून, म्हणजे सर्वाधिकारी म्हणून घुसलेले असतात. कंपोझर बजावतो की बाबा, रूट म्हणून मला चालवू नकोस. आणि लगेच विचारतो, तरी पुढे जायचंय का? चौकटी कंसात उत्तर त्यानेच लिहून ठेवलेलं असतं: येस. ही त्याची मनुष्यस्वभावाची पारख.

हे सगळं वाचणारा एकच माणूस मला भेटला. तो कॉम्प्युटरवाला नव्हता.

झालं असं की पोराने आपल्या मशीनवर साइट चालू केली आणि खिडकीत आलेला पत्ता, १२७.०.०.१, उत्साहाने चेअरमनसाहेबांना व्हॉट्सअ‍ॅप केला. हा पत्ता प्रत्येक मशीनसाठी स्वतःचाच असतो. साहेबांनी मोबाइलवर दाबल्यावर तो मोबाइल स्वतःमध्येच पतसंस्था शोधायला लागला आणि अर्थातच ती तिथे नव्हती. साहेब स्वतःच जिना चढून ऑफिसात आले. पांढरा लेंगा-शर्ट, खिशाला दोन पेनं. साडूच्या ट्रॅक्टरला एकदा जामीन राहिल्यापासून साहेब न वाचता कुठल्याच कागदावर सही करत नाहीत; डीसीसी बँकेचा वीस पानी करारसुद्धा त्यांनी मॅनेजरला समोर बसवून वाचलेला आहे. त्यांनी चष्मा लावला आणि पोरगा नवीन पॅकेज टाकत होता त्या काळ्या खिडकीत डोकं घातलं.

"हे युक्रेनचं काय लिहिलंय?"

पॅकेजं जिथून येतात तिथले लोक २०२२च्या युद्धापासून युक्रेनच्या पाठिंब्याची एक ओळ छापतात. सर म्हणाले, "काही नाही साहेब, ते येतंच."

"येतंच म्हणजे? मीटिंगमध्ये विषय कधी झाला?"

सर पोराकडे बघून हसले. पोरगा स्क्रीनकडे बघून हसला. पुढे एक पिवळी ओळ सरकली.

"थांब, थांब. अबॅन्डन्ड. सोडून दिलेलं ना? कोणी सोडलं?"

"ज्याने बनवलं त्याने, साहेब."

"का?"

"फुकट किती दिवस करणार? दमला असेल."

"आणि आपण ते वापरतोय."

"सगळेच वापरतात, साहेब."

"थकबाकीदार पण हेच सांगतात." साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "आणि हे खाली? ऐंशी पॅकेजेस आर लुकिंग फॉर फंडिंग. यांना काय, कर्ज पाहिजे?"

"नाही नाही, देणगी. ऐच्छिक असते."

"आपण किती दिली?"

सरांनी पंखा एकने वाढवला. तेवढ्यात खिडकी थांबली. एखादं पॅकेज इन्स्टॉल होतानाच स्वतःचा कोड चालवू पाहत असेल, तर कंपोझर अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये तसं विचारून घेतो. अमक्यावर तुमचा विश्वास आहे का, त्याला काम करू द्यायचं का? वाय की एन?

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "हा कोण माणूस?"

"माणूस नाही साहेब, पॅकेज आहे."

"पॅकेज कोणीतरी माणसानेच केलं असेल ना? त्याने उद्या काही गडबड केली, सभासदांची खाती बुडाली, तर जामीनदार कोण?"

सरांनी मग लायसन्स समजावून सांगितलं. लारावेल काय किंवा ही बहुतेक पॅकेजं काय, 'जसं आहे तसं' या अटीवर मिळतात. कुठलीही हमी नाही, काही झालं तर बनवणारा जबाबदार नाही, असं त्यात स्पष्ट छापलेलं असतं. साहेबांनी मान डोलावली. अशी कलमं त्यांच्या ओळखीची होती. ठेव पावतीच्या मागे त्यांनी स्वतः ती छापून घेतली होती.

"बरं. पोरा, थांब जरा, मला विचार करू दे."

"दाबलं, साहेब."

"काय?"

"वाय."

साहेबांनी खिशातून डायरी काढली, बोट ओलं करून पान उलटलं आणि पेनाचं टोपण दातात धरलं. "हं. नाव सांग त्याचं. गाव कुठलं? जामीनदाराच्या रकान्यात 'नाही' असंच लिहितो."